टपावरचे ओझे आणि घाटातले वळण

दिवाळीची सुट्टी संपत आली की नागपूर-अमरावती महामार्गाचे रूप पालटते. मालमोटारींच्या नेहमीच्या रांगेत गावाहून शहराकडे परतणाऱ्या खासगी मोटारींची भर पडते आणि त्यांपैकी पुष्कळांच्या टपावर काही ना काही बांधलेले असते. कुठे ताडपत्रीखाली संत्र्यांचे कॅरेट, कुठे गव्हाचा कट्टा, कुठे गाद्यांची वळकटी. आणि अलीकडे कुठे कुठे काळ्या चकचकीत प्लास्टिकची, नावेसारख्या निमुळत्या आकाराची एक बंद पेटीही दिसू लागली आहे. वर्धा जिल्ह्यातील आष्टी तालुक्यात, याच महामार्गावर तळेगाव (श्यामजी पंत) हे गाव वसले आहे. महाराष्ट्रात तळेगावे अनेक असल्याने नावापुढे कंसात श्यामजी पंतांचे नाव लावून ते ओळखले जाते. गावाजवळच सत्याग्रही घाट आहे. सपाट रस्त्यावर निमूटपणे चाललेले टपावरचे ओझे या घाटाच्या वळणावर बोलू लागते. मोटारीच्या टपाला पेटी कोणती घ्यावी, हा प्रश्न एरवी दुकानातील चैनीचा वाटेल. परंतु तो या वळणावर उभा राहून विचारला, तर त्याचे गांभीर्य ध्यानात येते.

गरज खरी आहे

ज्या मोटारीला आज सरसकट एसयूव्ही म्हटले जाते, ती आता केवळ धनिकांच्या दारात राहिलेली नाही. नोकरी करणारे पती-पत्नी, दोन मुले, सोबत राहणारे आई-वडील अशा कुटुंबाने बँकेचे कर्ज काढून सात आसनांची मोटार घ्यावी, हे आता नवलाचे नाही. ज्यांच्याकडे स्वतःची मोटार नाही, ते लग्नकार्यासाठी वा देवदर्शनासाठी तीच मोटार भाड्याने घेतात. अडचण एकच असते. सातही आसनांवर माणसे बसली, की सामानासाठी मागे जेमतेम दोन-तीन पिशव्यांची जागा उरते. आसनांची संख्या सांगणारी जाहिरात हे सांगत नाही की सात माणसांसोबत सात माणसांचे सामानही असते.

जाताना सामान कपड्यालत्त्यांपुरते असते. येताना ते वाढते, आणि ते का वाढते हे विदर्भातील प्रत्येक घराला ठाऊक आहे. आंबिया बहराची संत्री दिवाळीच्या सुमारास उतरलेली असतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत नवा गहू, तुरीची डाळ, पापड, कुरडया आणि लोणच्याची बरणी तयार असते. मुलगी आणि जावई निघाले की आई काहीतरी बांधून देणारच. ते नाकारणे म्हणजे केवळ एक कट्टा नाकारणे नव्हे, हे दोन्ही बाजूंना कळत असते. म्हणून टपाकडे बोट जाते. “वर टाका, वर जागाच जागा आहे,” हे वाक्य अशा वेळी कोणीतरी उच्चारतेच. ते प्रेमाने उच्चारलेले असते. पण त्यात एक मोठी चूक दडलेली असते. टपावर जागा असते, हे खरे. टपावर ताकद असतेच असे नाही.

लिटर आणि किलो

टपावरची पेटी विकणारा तिचे मोजमाप लिटरमध्ये सांगतो. तीनशे लिटर, चारशे लिटर, पाचशे लिटर. हे आकारमान झाले. मोटार बनविणारा मात्र टपाची मर्यादा किलोमध्ये सांगतो, आणि ती त्याच्या माहितीपुस्तिकेत कुठेतरी आत छापलेली असते. सामान्यतः ती ५० ते १०० किलोंच्या दरम्यान असते. काही मोटारींच्या बाबतीत टपावर काहीही ठेवू नये, अशीच सूचना असते. विकत घेणारा लिटर ऐकतो आणि किलो विसरतो. सारा घोटाळा येथेच होतो.

शिवाय ही मर्यादा केवळ सामानाची नसते. टपावर आडवे बसवायचे दोन दांडे, त्यांवरची पेटी आणि पेटीतील सामान या सर्वांचे मिळून ते वजन असते. समजा, मर्यादा ७५ किलो आहे. दांड्यांचे वजन ६ किलो आणि पेटीचे १८ किलो धरले, तर सामानासाठी ५१ किलो उरतात. म्हणजे पन्नास किलोंचा एक कट्टा ठेवला की मर्यादा संपली. मग पेटी पाऊण रिकामी दिसत असली तरी चालेल. चारशे लिटरच्या पेटीत गहू ओतला तर तो तीनशे किलोंच्या आसपास भरेल. डोळ्यांना जी पेटी रिकामी दिसते, ती टपाच्या दृष्टीने केव्हाच भरलेली असते.

वेल्डिंगच्या दुकानातून करवून घेतलेले लोखंडी जाळीचे कॅरियर ही आपल्याकडची जुनी सोय. ते स्वस्त पडते, उघडेही असते; परंतु लोखंडाचे असल्याने स्वतःच्याच वजनाने ते मर्यादेचा मोठा हिस्सा खाऊन टाकते. आणखी एक फसगत अलीकडे होऊ लागली आहे. अनेक मोटारींच्या टपावर दोन्ही कडांना लांब चकचकीत पट्ट्या बसवलेल्या असतात. त्या पाहून येथे सामान बांधण्याची सोय आहे, असे वाटते. प्रत्यक्षात त्यांपैकी काही केवळ शोभेच्या असतात आणि भार सोसण्यासाठी त्या बनवलेल्याच नसतात. दागिना आणि दोरखंड यांत भेद न केल्यास जे व्हायचे, तेच येथे होते.

वळणाचे गणित

टपावरील वजनाला एवढे महत्त्व का द्यायचे? तेच पन्नास किलो आसनाखाली ठेवले तर चालतात, मग वर का चालू नयेत? याचे उत्तर शालेय पदार्थविज्ञानातील गुरुत्वमध्यात आहे. वाहन वळते तेव्हा त्याला बाहेरच्या बाजूला कलंडवू पाहणारा जोर गुरुत्वमध्याच्या उंचीबरोबर वाढतो, आणि त्याला सावरून धरणारी गोष्ट म्हणजे दोन्ही बाजूंच्या चाकांमधील अंतर. अमेरिकेतील रस्ते-सुरक्षेची शासकीय संस्था वाहनाच्या उलटण्याच्या संभवाचा अंदाज घेताना हेच गुणोत्तर वापरते : चाकांमधील अंतराला गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीने भागायचे. उत्तर जितके लहान, तितके वाहन उलटण्यास सोपे. उंच बांध्याच्या मोटारीचा हा आकडा मुळातच बसक्या मोटारीपेक्षा लहान असतो.

आकडे घालून पाहू. समजा, १८०० किलोंच्या मोटारीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ७० सेंटिमीटरवर आहे आणि चाकांतील अंतर १५० सेंटिमीटर आहे. गुणोत्तर १.०७ येते. तिच्या टपावर, जमिनीपासून १९० सेंटिमीटर उंचीवर ७५ किलो ठेवले, तर गुरुत्वमध्य सुमारे ७५ सेंटिमीटरवर चढतो आणि गुणोत्तर १.०० वर येते. १५० किलो ठेवले, तर गुरुत्वमध्य ७९ सेंटिमीटरवर जातो आणि गुणोत्तर ०.९५ होते. एकूण वजनात आठ टक्क्यांची वाढ, पण स्थैर्यात अकरा टक्क्यांची घट. वजन उंचावर गेल्याने ही तफावत पडते. कोरड्या, गुळगुळीत रस्त्यावर बहुधा चाके घसरतील, मोटार उलटणार नाही. परंतु घसरलेली चाके रस्त्याच्या कडेच्या भुसभुशीत मातीत रुतली किंवा दुभाजकाच्या कठड्याला अडखळली, की हेच गुणोत्तर निर्णायक ठरते. घाटात वळण, उतार आणि समोरून येणारी मालमोटार एकाच क्षणी गाठ घालतात. तेथे ही अकरा टक्क्यांची घट चालकाच्या हातातून निसटते.

यावर एक ठराविक आक्षेप येतो. पूर्वी एस.टी.च्या टपावर सायकली, पोती, लग्नाचे रुखवत असे सर्व काही जात असे. मागच्या शिडीवरून हमाल चढत आणि काही बिघडत नसे. आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. पण दहा टन वजनाच्या बसच्या टपावर तीनशे किलो म्हणजे तिच्या वजनाच्या तीन टक्के. दोन टनांच्या मोटारीवर तेच तीनशे किलो पंधरा टक्के होतात. शिवाय त्या बसची चाल आजच्या मोटारीच्या मानाने मंद होती. जुने धुरकरी यापेक्षा अधिक शहाणे होते. बैलगाडीत माल भरताना गाडी उलाळ होणार नाही, म्हणजे मागे जड होऊन जू वर उचलले जाणार नाही, याकडे त्यांचे लक्ष असे. ओझे किती, एवढेच पाहून भागत नाही. ते कुठे ठेवले, हेही पाहावे लागते, हे ज्ञान या मातीला नवे नाही. यंत्राच्या वेगात ते हरवले, एवढेच.

वाऱ्याची किंमत

ओझ्याखेरीज दुसरा हिशेब वाऱ्याचा आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० किलोमीटरला जो विरोध असतो, तो १२० किलोमीटरला सव्वादोन पट होतो. वर्धा जिल्ह्याच्या दुसऱ्या भागातून जाणारा समृद्धी महामार्ग नागपूर ते शिर्डी असा २०२२ च्या डिसेंबरात खुला झाला आणि २०२५ च्या जूनमध्ये मुंबईपर्यंत पूर्ण झाला. त्यावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरपर्यंत वेगाची मुभा आहे. ही मुभा टपावर पेटी नसलेल्या मोटारीचा विचार करून वापरलेली बरी.

अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या ग्राहकमाहितीनुसार, टपावरच्या मोठ्या व बोथट पेटीमुळे शहरात २ ते ८ टक्के, साध्या महामार्गावर ६ ते १७ टक्के आणि द्रुतगती वेगाला १० ते २५ टक्के इंधनक्षमता घटते. उलट, मोटारीच्या मागे बसवलेल्या पेटीमुळे महामार्गावरील घट १ ते ५ टक्के इतकीच असते. लिटरमागे १४ किलोमीटर चालणाऱ्या मोटारीची क्षमता १५ टक्क्यांनी घटली, तर सातशे किलोमीटरच्या प्रवासाला ५० लिटरऐवजी जवळपास ५९ लिटर इंधन लागेल. जाऊन-येऊन अठरा लिटर. ज्या गव्हासाठी ही पेटी बसवली, त्या गव्हाची किंमत आणि या अठरा लिटरांची किंमत एकदा शेजारी मांडून पाहावी. काही वेळा तोच कट्टा ट्रान्सपोर्टने पाठवणे स्वस्त पडते आणि टपाचे ओझेही वाचते.

सर्वांत वाया जाणारे इंधन मात्र रिकाम्या पेटीचे. प्रवास संपला तरी पेटी आणि दांडे महिनोन् महिने टपावर तसेच राहतात. अमेरिकेतील दोन संशोधकांनी २०१६ मध्ये मांडलेल्या अंदाजाप्रमाणे, टपावरच्या अशा साधनांमुळे त्या देशात वर्षाला सुमारे दहा कोटी गॅलन पेट्रोल अधिक जळते. आपल्याकडे पेट्या अजून थोड्या आहेत. वाईट सवय जडण्यापूर्वीच टाळता येते, हा उशिरा येणाऱ्याचा एक लाभ असतो.

निवड कशी करावी

याचा अर्थ पेटी घेऊच नये असा नाही. तिच्या बाजूनेही सांगण्यासारखे बरेच आहे. मागच्या काचेला झाकून टाकेल इतके सामान आसनांच्या वर रचले, तर चालकाला मागचे दिसत नाही आणि जोराचा ब्रेक लागताच त्यातील जड वस्तू पुढे बसलेल्यांच्या डोक्यावर येतात. दोरीने बांधलेल्या उघड्या गाठोड्यापेक्षा झाकणाची, कुलुपाची पेटी निश्चित बरी. ती पावसाने भिजत नाही, तिची ताडपत्री फडफडत सुटून मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या तोंडावर जात नाही. म्हणून प्रश्न पेटीचा नाही, निवडीचा आहे.

निवडीचा क्रम दुकानातून घराकडे न येता घरातून दुकानाकडे गेला पाहिजे. प्रथम मोटारीची माहितीपुस्तिका उघडून टपाची मर्यादा पाहावी. नंतर एकूण वजनाची मर्यादा पाहावी. माणसांसह मोटारीने साडेपाचशे किलो वाहावेत अशी तिची क्षमता असेल आणि सात माणसांचे सरासरी ६५ किलोंप्रमाणे ४५५ किलो होत असतील, तर सर्व सामानासाठी, मग ते आत असो वा टपावर, ९५ किलोच उरतात. पेटी हा आकडा वाढवीत नाही. ती फक्त जागा देते. ज्या टपाला उघडणारी काच आहे, तेथे पुस्तिकेतील सूचना दोनदा वाचावी.

मग आकार. उंच पेटीपेक्षा बसकी व लांबट पेटी वाऱ्याला कमी अडते; पण ती इतकी लांब नसावी की मागचे दार उघडताना तिच्यावर आपटेल. दोन्ही बाजूंनी उघडणारी पेटी रस्त्याच्या कडेला उभे राहून सामान काढताना सोयीची, कारण त्या वेळी वाहनांच्या बाजूला उभे राहावे लागत नाही. पेटीचे शिकंजे दांड्यांना घट्ट बसतात की नाही, हे स्वतः हलवून पाहावे. येथे शिकंज्यांवर केवढा जोर येतो, हे ध्यानात ठेवावे. टकरीच्या क्षणी वेग गुरुत्वाच्या वीस पटीने तुटला, तर ५० किलोंचे सामान एक हजार किलोंच्या जोराने पुढे झेपावते. पेटी सुटली तर ती आपल्या मोटारीपुरती राहत नाही. कापडी थैली स्वस्त आणि घडी करून ठेवण्याजोगी असते. पण तिचा भरवसा तिच्या पट्ट्यांवर, आणि पट्ट्या उन्हाने कुजतात. विदर्भाच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तेव्हा टपावरच्या काळ्या पेटीत औषधे, तूप वा विजेची उपकरणे ठेवणे शहाणपणाचे नव्हे.

भरण्याचा नियम साधा आहे : हलके आणि अवजड जागा व्यापणारे ते वर, जड ते खाली. उशा, पांघरुणे, कोरडे कपडे, पापड आणि कुरडया यांसाठी टपावरची पेटी जणू बेतूनच केली आहे. कुरडयांचा डबा जागा फार घेतो, वजन थोडे. गहू, डाळ, बरण्या आणि संत्र्यांचे कॅरेट मात्र खाली, मोटारीच्या तळावर, आसनाच्या पाठीला टेकून ठेवावेत. सातवे आसन रिकामे असेल तर ते दुमडून ती जागा धान्याला द्यावी. वरचे वजन पेटीच्या मध्यभागी, दोन दांड्यांच्या दरम्यान असावे. निघाल्यावर पन्नास-एक किलोमीटरनंतर थांबून शिकंजे पुन्हा आवळावेत. घाट पुढे असेल तर घाटाच्या अलीकडे थांबावे. चहासाठी मोटार थांबतेच, त्यात हे दोन मिनिटांचे काम बसते. आणि मोटारीची नवी उंची चालकासमोर कागदावर लिहून चिकटवावी, म्हणजे वाड्याची कमान किंवा वाहनतळाचे छत अचानक आठवण करून देणार नाही.

कायदा आणि कर्तव्य

मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ अन्वये, नोंदणीच्या वेळी निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. टपाला भोके पाडून वा वेल्डिंग करून कायमचे कॅरियर जडवणाऱ्याने हे कलम आठवावे. शिकंज्यांनी बसणारी आणि काढता येणारी रचना या दृष्टीनेही अधिक सुरक्षित. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९४ मध्ये भर घालून, वाहनाच्या बाजूला, पुढे, मागे किंवा अनुज्ञेय उंचीपलीकडे जाणाऱ्या मालाबद्दल वीस हजार रुपयांचा दंड ठेवला आहे. परंतु घाट दंडाची पावती फाडत नाही, आणि कायद्यात बसलेले ओझे मोटारीला पेलेलच असेही नाही.

म्हणून काही अपेक्षा निर्मात्यांकडूनही करावयास हवी. टायरमधील हवेचा दाब किती असावा, हे सांगणारी पट्टी मोटारीच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेली असते. टपाची मर्यादाही तेथेच, मराठीत व ठळक आकड्यात, का असू नये? शोभेच्या पट्ट्यांवर ‘भारासाठी नाही’ हे दोन शब्द कोरण्यास खर्च तो किती? पेटी विकणाऱ्याने लिटरच्या शेजारी पेटीचे स्वतःचे वजन तितक्याच मोठ्या अक्षरांत छापावे. हे नियमाने सक्तीचे झाले, तर प्रत्येक कुटुंबाला पुस्तिकेची पाने चाळत बसण्याची गरज पडणार नाही. भाड्याच्या मोटारीत बसणाऱ्याच्या हाती तर ती पुस्तिका कधीच येत नाही; त्याला दारावरची पट्टी हाच आधार.

तोवर भार उरतो तो घरच्या माणसांवर. विज्ञानाच्या शिक्षकाने गुरुत्वमध्य शिकवताना फळ्यावर त्रिकोणाऐवजी टपावर कट्टा ठेवलेली मोटार काढली, तर वर्गातील मुले ते गणित घरी घेऊन जातील. आणि दिवाळीनंतर मोटार भरताना आजोबांना थांबवण्याचे धाडस अनेकदा त्या मुलांनाच होते. आईने बांधून दिलेले नाकारू नये. ते कुठे ठेवायचे, एवढे मात्र घाटाला विचारून ठरवावे.